साडेचार एकर

बोन, फ्रान्स, जानेवारी

ती. आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणालात, "वाटणीत साडेचार एकर आलं. एवढ्याशा रानात काय होणार? गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू." मला तेव्हा बोलता आलं नाही, गळा दाटून आला. म्हणून लिहायला बसले. तुम्ही सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

रविवारी सुट्टी होती. नुई-सँ-जॉर्जपर्यंत रेल्वेने गेले आणि तिथून द्राक्षबागांमधून चालत वोन-रोमाने नावाच्या गावात. गावाच्या वर चढणीला एक बाग आहे, तिचं नाव रोमाने-कोंती. गुडघाभर उंचीची दगडी भिंत, रस्त्याकडेला दगडी क्रूस, आणि एक पाटी: बघायला या, पण रस्त्यावरच थांबा, बागेत पाय ठेवू नका. १७६० मध्ये कोंतीच्या राजपुत्राने ही बाग विकत घेतली, त्याचं नाव तिला चिकटलं. जगातली सगळ्यात महागडी तांबडी वाइन हिच्यातून निघते. १९४५ सालची एक बाटली २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली. आणि बाबा, ही बाग केवढी? १.८ हेक्टर. मी भिंतीपाशी उभी राहून हिशेब केला. साडेचार एकरांना जरा कमीच.

आपल्या रानाचं सोनं होईल, असं मी म्हणत नाही. इथलं द्राक्ष पिनो न्वार, आपल्या उन्हाला मानवणारं वाण नाही ते. पण "एवढ्याशा रानात काय होणार" हे वाक्य त्या भिंतीपाशी मला खोटं वाटलं.

इथली शेती तुम्हाला बघायला मिळायला हवी होती. मांडव नाही. वेली कमरेइतक्या, दोन ओळींत जेमतेम मीटरभर अंतर, एकरी साधारण ४,००० झाडं. ट्रॅक्टर ओळींमधून जात नाही, ओळीच्या वरून, दोन्हीकडे पाय टाकून चालतो. ठिबक नाही, पाऊस पडेल तेवढंच पाणी. छाटणी एकदाच, आत्ता हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आपली खरड आणि गोडी अशी दोनदा नाही. काड्या तिथेच लोखंडी ढकलगाडीत जाळतात, त्यामुळे सबंध उतारावर धुराच्या रेघा दिसतात. मला आपल्या शेकोट्या आठवल्या. निफाडचा पारा उतरला की तुम्ही पहाटे चारला मणी तडकू नयेत म्हणून बागेत धूर करता ना, तसंच इथे एप्रिलमध्ये करतात. कोवळी फूट आलेली असते आणि अचानक दव गोठतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये रात्ररात्र ओळींमधून मेणाचे डबे पेटवून लोक जागले, तरी पुष्कळ फूट करपली.

आणि ज्यावर वेल कलम करतात तो खुंटही आपल्यासारखाच, अमेरिकन. तुमचं डॉगरिज तसं इथलं. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून वेलीची मुळं खाणारी एक कीड आली, फ्रान्सभर बागा वाळल्या, तेव्हापासून ती कीड सोसणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलम केल्याशिवाय गत्यंतर नाही. रोमाने-कोंती मात्र १९४५ पर्यंत स्वतःच्या मुळांवर जगवली. मग तीही उपटावी लागली. १९४६ ते १९५१, सहा वर्षं त्या नावाची एक बाटली निघाली नाही. आपण जुनी बाग काढली त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नव्हतात, ते मला अजून आठवतं.

वाटणीचं तर इथे आपल्याहून जास्त. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने सगळ्या मुलांना वारसा मिळाला आणि रानाचे तुकडे पडत गेले. व्हूजो गावचा मोठा मळा सितोच्या मठातल्या साधूंनी भिंत घालून बांधला होता, ५० हेक्टर, एकाच मालकीचा. आज त्यात ८० च्या आसपास मालक आहेत. मध्ये बांध नाही. चार ओळी एकाच्या, पुढच्या सहा दुसऱ्याच्या. वरच्या अंगाला माती हलकी, निचऱ्याची. खाली रस्त्याकडे पाणी धरून ठेवणारी. त्यामुळे भिंत एक, नाव एक, पण दोन मालकांची वाइन सारखी लागत नाही. इथे रान अजून 'उव्रे'त मोजतात. एका माणसाने एका दिवसात कसावी तेवढी बाग म्हणजे एक उव्रे, आपले सव्वाचार गुंठे. आणि माती, उतार पाहून ठरवलेल्या बागेच्या एकेका तुकड्याला वेगळं नाव आहे, अशा तुकड्याला 'क्लिमा' म्हणतात. १,२४७ क्लिमा! २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं.

आई, तुझ्या गळ्यात माळ आहे, तुला माझं हे वाइनचं शिक्षण आवडत नाही, ते मला ठाऊक आहे. पण एक ऐक. या बोन गावात १४४३ मध्ये निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन यांनी गोरगरिबांसाठी दवाखाना काढला. लोकांनी देवाला जमीन द्यावी तशा त्याला द्राक्षबागा दिल्या. १८५९ पासून त्या बागांच्या वाइनचा दर नोव्हेंबरात लिलाव होतो, पैसा दवाखान्याला जातो. जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्ण होते. ती खाटांची रांग बघताना मला तुझीच आठवण आली.

मी चाखते ती अभ्यासापुरती, चाखून थुंकायची असते. वोनच्या एका साध्या बागेची चाखली. रंग इतका पातळ की पेल्यापलीकडची बोटं दिसली. आधी करवंद, मग ओलसर पाचोळा, आणि सगळ्यात शेवटी सुकत घातलेल्या आमसुलांचा वास. शेजारच्या तुकड्याची चाखली तर आमसूल नाहीच. दोन्ही एकाच माणसाने, एकाच वर्षी केलेल्या.

बाबा, तुम्हाला आपलं रान असंच माहीत आहे. विहिरीकडचा घड आधी गोड होतो, मुरमाड कोपऱ्यात मणी लहान राहतो पण टिकतो, ओढ्याकडे डाऊनी रोग आधी येतो. हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. सातबाऱ्यावर नाही, मोजणीच्या नकाशावर नाही.

खरड छाटणीला एप्रिलमध्ये मी येते आहे, तिकीट काढलं. तोवर कुणाकडून इसार घेऊ नका. आणि फवारणीच्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर ओळीओळीने लिहून ठेवा, कुठली आधी पिकते, कुठली मागे राहते. विहिरीपासून सुरुवात करा.

तुमची,
ताई