मीटिंगा नव्हे गं, बोलणं

चि. मनू,

काल तू फोन ठेवलास. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

कंपनीनं ऑफिस कायमचं बंद केलं, आता घरूनच काम, याचा आम्हालाही आनंदच झाला. पण घराजवळच्या एखाद्या शेअर्ड ऑफिसमध्ये टेबल घेतलं तर भाडं कंपनी देणार, हे मला नंदाकडून कळावं?

परवा भर दुपारी व्हिडिओ कॉल लावला तर पडदे ओढलेले, दिवा चालू आणि लॅपटॉप पलंगावर उशी रचून ठेवलेला. आज कुणाशी बोललीस, विचारलं तर म्हणालीस, "चार मीटिंगा झाल्या." मीटिंगा नव्हे गं, बोलणं.

तुझी अडचण मला कळते. शेअर्ड ऑफिसात गलका असतो, क्लायंटची माहिती शेजारच्याला दिसते. मग आधी जाऊन बघून ये ना! फोनवर बोलायला बंद खोली आहे का, कुलपाचा खण मिळतो का, टेबल रोजचं ठरलेलं की रिकामं दिसेल तिथे बसायचं. स्क्रीनला बाजूनं दिसू नये म्हणून फिल्म मिळते. वायफाय सगळ्यांचं, तेव्हा व्हीपीएन, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवणारी ती सोय, लावल्याशिवाय काही उघडू नकोस. आणि चालत जाता येईल असंच बघ, नाहीतर जुनं ऑफिस काय वाईट होतं?

हे नवं खूळ नाही. जॅक निल्स या अमेरिकन संशोधकानं १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका विमा कंपनीबरोबर प्रयोग सुरू केला, तो घरी बसायचा नव्हताच. लांबच्या मुख्य ऑफिसऐवजी घराजवळच्या छोट्या ऑफिसात जायचं, असा होता. बाबांचं म्हणणं, अमेरिकन सरकारनं वॉशिंग्टनभोवती अशी केंद्रं काढली आणि ती पुढे बंद पडली. पडली असतील. लोक सोय बघतात.

झालं, सुरू झालं माझं व्याख्यान. रागावू नकोस. एवढ्या लहान वयात टीम सांभाळतेस, मी सगळ्यांना सांगत सुटते.

दहावीत तू अभ्यासिकेत जायचीस, आठवतं? तिथे बोलायला बंदी. तरी दोन दिवस गेली नाहीस तर पलीकडच्या टेबलावरची मुलगी पत्ता शोधत घरी आली होती. तिचं नावही तुला माहीत नव्हतं. आणि गेल्या महिन्यात तापानं फणफणलीस, तशीच लॉगिन करत राहिलीस, कॅमेरा बंद. कुणाला पत्ता लागला? आम्हालासुद्धा आठवड्यानं.

तू आजारी पडावीस असं नाही म्हणत मी. पण कुणाला तरी तुझी खुर्ची रिकामी दिसायला हवी.

एक महिना जाऊन बघ. नाही पटलं तर सोड, मी काही बोलणार नाही. म्हणजे बोलेन, पण एकदाच.

तुझी,
आई

ता.क. खुर्चीसाठी बाबा पैसे पाठवताहेत. मागच्यासारखे परत करू नकोस, त्यांना लागतं.