क्राऊन-पिनियनचा आकडा आणि माझा गेलेला रविवार

संज्या,

परवा फोनवर सांगायला लागलो आणि नेमकी रेंज गेली, म्हणून आता लिहूनच काढतो. तर इथे टेक्सासमध्ये शेवटी पिकअप घेतली रे, शेव्हर्ले सिल्व्हराडो, २०१२ ची, सेकंडहँड, ५.३ लिटरचं व्ही-८. विकणारा छातीठोक म्हणाला की मागचा रेशो ३.७३ आहे (म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला इंजिनकडून मागे येणारा शाफ्ट ३.७३ फेरे घेतो; आकडा मोठा तेवढं ओझं ओढायला सोपं), बिनधास्त ट्रेलर लाव. मला ट्रेलर ओढायचाच होता, मी खूश.

घरी येऊन म्हटलं बघू तरी. या गाड्यांच्या ग्लव्ह बॉक्समध्ये एक स्टिकर असतो, त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड नुसते ठासून भरलेले. जीयू४ असेल तर ३.०८, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३. माझ्या स्टिकरवर कुणी काय सांडलं होतं देव जाणे, लॉकिंग डिफरन्शियलचा (एक चाक घसरून जोरात फिरलं की दोन्ही चाकं एकत्र जोडणारा लॉकर) जी८० तेवढा वाचता येतो, आणि हवा तोच कोड पुसलेला!

मग रविवारी पुढच्या चाकांना लाकडं लावली, मागचं एकच चाक उचलून खाली स्टँड दिला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडला, टायरवर आणि शाफ्टवर खडूने रेघ मारली. बायको चाक फिरवणार, मी शेजारी आडवा पडून शाफ्टचे फेरे मोजणार. चाकाचा एक फेरा झाला तरी शाफ्ट पावणेदोनलाही पोचेना. परत केलं, तेच. मला वाटलं आतलं काहीतरी गेलंय, पैसे बुडाले.

चहा पिताना ट्यूब पेटली. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं ना, मग उचललेल्या चाकाचे दोन फेरे होतात तेव्हा कुठे क्राऊनचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाचं छोटं पिनियन ज्याला फिरवतं त्या मोठ्या दातेरी चक्राचा, एक होतो! आणि ३.४२ की ३.७३ एवढासा फरक एका फेऱ्यात डोळ्याला काय दिसणार, म्हणून सरळ वीस फेरे फिरवायला लावले, हळूहळू, कारण दोन चाकांच्या वेगात बराच फरक पडला की तो लॉकर पकडतो. चौदाव्याला बायको म्हणाली, मोजतोयस का झोपलास?

वीस झाले, म्हणजे क्राऊनचे दहा, तेव्हा शाफ्टचे ३४ पूर्ण आणि रेघ जराशी पुढे. ३.७३ असता तर ३७ च्या वर गेले असते. म्हणजे ३.४२, तुझ्या भाषेत क्राऊनचे ४१ दात आणि पिनियनचे १२.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे मलाही आधीच्याने असंच सांगितलं होतं. घ्या! भांडण नाही केलं, हायवेवर इंजिन शांत चालतं आणि पेट्रोलही जरा कमी पितं. मोठ्या ट्रेलरचा विचार मात्र सोडला, लहानच बघतोय.

तू पण ते दुसऱ्या गाडीचं मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग बसवलंयस ना, एकदा चाक उचलून मोज आणि आकडा कळव.

तुझा,
बाळ्या