एकतिसाव्या रांगेतल्या आजींना

आजी,

सोळा तास शेजारी बसून मी तुमचं नावसुद्धा विचारलं नाही, याची आता लाज वाटते. मुंबई ते नेवार्क विमान, एकतिसावी रांग, खिडकीशी तुम्ही. मधे आमची थोरली, कडेला मी, पलीकडच्या रांगेत नवरा आणि धाकटा. तुम्ही अकोल्याकडच्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. एवढ्या खुणांवर तुम्हाला कुठे शोधू? डिंकाचे लाडू घेऊन न्यू जर्सीत उतरणाऱ्या आज्या काय कमी आहेत? म्हणून हे असं उघड्यावरच लिहितेय. लेकीच्या नाहीतर जावयाच्या नजरेला पडलंच, तर वाचून दाखवतील तुम्हाला.

दत्तक घेतलेली आमची ही दोघं मुलं आमच्याकडे येऊन तेव्हा जेमतेम अकरा दिवस झाले होते. थोरली सात वर्षांची, धाकटा तीन. हे तुम्हाला मी सांगितलं नव्हतं, तुम्हीही विचारलं नाहीत. मला वाटतं, पहिल्या तासाभरातच तुमच्या लक्षात आलं असावं.

गंमत बघा. मी साताऱ्याची, नवरा मिरजेचा, मुलं यवतमाळकडची. पण आम्हा दोघांकडे अमेरिकेचे पासपोर्ट, त्यामुळे सरकारदरबारी आम्ही परदेशी राहणारे पालक आणि ही दत्तकविधानाची आंतरदेशीय केस. अमेरिकेतली घरतपासणी, मग 'कारा' या दिल्लीच्या सरकारी दत्तक प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, दिल्लीला व्हिसा. साडेतीन वर्षं गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. १९९३चा हेग करार झाला तोच मुलांची पळवापळवी आणि विक्री थांबावी म्हणून. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला. दोन लेकरं देशाबाहेर न्यायची तर चार ठिकाणी शिक्के लागावेतच.

तक्रार आहे ती माणसांच्या तोंडाची. एका कचेरीत टेबलामागच्या बाईंनी थोरलीच्या देखत, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हिचे खरे आईबाप कोण?" पोरगी माझ्या शेजारी उभी होती. तिनं मान खाली घातली आणि फरशीवरची रेघ चपलेनं घासत राहिली. आमचेच एक नातेवाईक दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतात. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी यशवंतला दत्तक घेतलं होतं, हे त्यांना पाठ आहे. त्यांनी जेवायच्या ताटावरून विचारलं, "रक्त कुणाचं, काही कळलं का?" बाकीचे म्हणत होते, "पुण्याचं काम केलंत हो." पुण्य! आम्हाला मुलं हवी होती, यात पुण्य कसलं? आणि हे सगळं तिच्या डोक्यावरून. ती खाली उभी आहे, तिला कान आहेत, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आमच्याही नव्हतं, आजी. ते कबूल करायलाच हे पत्र लिहायला बसले. दत्तकपूर्व वर्गात आम्हाला शिकवलं होतं की थोरलं भावंड धाकट्याची आई होऊन बसतं, त्याच्यावरचं ते ओझं उतरवा. आम्ही शहाण्यांनी पहिल्याच दिवशी उतरवलं. धाकटा रडला की ती उठायची, आणि मी लाडानं म्हणायची, "तू बस गं, आता आम्ही आहोत ना." अकरा दिवस तो रात्र रात्र रडत होता आणि ती बघत बसत होती.

विमानात त्यानं दिवे मालवल्यावर जो सूर लावला, तो तुम्हाला आठवत असेलच. पुढचे गृहस्थ दोनदा मागे वळून चक् चक् करून गेले. एकदा मी त्याला घेऊन फेऱ्या मारल्या, एकदा नवऱ्यानं. दूध झालं, बिस्किट झालं, मोबाइलवरची गाणी झाली. घामेघूम होऊन मी त्याला घेऊन खुर्चीत बसले. थोरली पट्टा बांधून ताठ बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

तुम्ही शाल बाजूला केलीत आणि तिच्याकडे वाकलात. माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

"काऊन वं पोट्टे, झोपतानी त्याले काय लागते?"

अकरा दिवसांत तिच्या बोलीत तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. माझं सातारी मराठी तिला कळायचं, पण उत्तर 'हो' नाहीतर 'नाही', त्यापुढे गाडी जात नव्हती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. बोलू का, असं. मग तुम्हाला म्हणाली, "कान."

"कान?"

"त्याचा कान धरा लागते. खालचा. मंग थो निजते."

मांडीवर घ्यायला तुम्ही हात पुढे केला असतात तर मी सुटकेचा श्वास टाकून पोर तुमच्या स्वाधीन केलं असतं. चार नातवंडं वाढवलेला तुमचा हात, तो झोपलाही असता. तुम्ही तसं केलं नाहीत. "तुह्या मायले दाखव बरं कसा धरतेस ते," एवढंच म्हणालात, आणि परत शाल ओढून घेतलीत.

तुह्या मायले. असं कुणी तिला पहिल्यांदाच म्हणत होतं, आजी.

तिनं मांडीखालचा हात काढला. माझं बोट धरलं, त्याच्या कानाच्या पाळीवर ठेवलं आणि वरून स्वतःचा अंगठा दाबला. "एवढ्या जोरानं नाई. असं." तोवर तिनं आपणहून मला हातही लावला नव्हता. पाच-सात मिनिटांत तो गाढ झोपला. थोड्या वेळानं तिचंही डोकं माझ्या दंडावर आलं. दंड बधिर झाला तरी मी हलले नाही.

आम्ही पुस्तकं वाचली होती, वर्ग केले होते, पैसे भरले होते. जिला सगळं ठाऊक होतं तिलाच विचारायचं तेवढं राहिलं होतं. तुम्ही ते सहज केलंत, कुणाकडे पाहुणे गेल्यावर "पाणी कुठल्या माठातलं घेऊ?" विचारावं तसं. अशी माणसं असतात. ती स्वतःला चांगली वगैरे म्हणवत नाहीत, उपदेश करत नाहीत, आणि विमान उतरल्यावर व्हीलचेअरवर बसून दुसऱ्या रांगेनं निघून जातात.

त्या दिवशी नेवार्कला शिक्का बसला आणि दोघंही अमेरिकेची नागरिक झाली. २००० सालचा कायदाच तसा आहे. प्रमाणपत्रं परवा टपालानं आली. नवऱ्यानं ती फाइलला लावली. थोरलीनं पाकिटावरचं आपलं नाव बोटानं दोनदा वाचलं आणि पाकीट दप्तरात ठेवून दिलं.

धाकटा आता बहुतेक रात्री माझ्याकडेच झोपतो. काल तिनं जाहीर केलं, "आज तूच धर कान, मले कार्टून पाह्याचं हाय." मी स्वयंपाकघरात जाऊन जरा रडून घेतलं. कांदा चिरत होतेच, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

आणि हो, तुमचा लाडवांचा स्टीलचा डबा आमच्याकडेच राहिला. नाव सापडेल म्हणून उलटा करून पाहिला, तर तळाशी नुसतं 'आईकडून' कोरलेलं. तो तुमच्या आईनं दिलेला असेल, तर इतक्या दुरून परत करायलाच हवा. रिकामा द्यायचा नसतो, ते मला कळतं. मी चकल्या म्हणतेय. थोरलीचं म्हणणं, तुम्हाला चिवडाच आवडेल, आणि तो तिखटच पाहिजे.

तुमची,
कडेच्या सीटवरची