आधी चार गाणी

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर कॉलेज सोडायचं म्हणताना तू बाबांना ऐकवलंस, "बिली जो आर्मस्ट्राँगनेपण शाळा सोडली होती." बाबांनी फोन माझ्या हातात दिला नि गच्चीवर निघून गेले. मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. 2025 च्या मार्चमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर त्याचा रॉक बँड ग्रीन डे ऐकून तू घसा बसवून आलास, तेव्हापासून कुतूहल होतंच.

शाळा सोडली हे खरं. 1990 मध्ये, अठरावा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर आलेला असताना. पण तू गोष्ट तिथूनच सुरू करतोस. त्याचं गाव कॅलिफोर्नियातलं रोडिओ, तेलशुद्धीकरण कारखान्याचं. सहा भावंडांत हा शेंडेफळ. वडील ट्रक चालवायचे, जॅझमध्ये ड्रम वाजवायचे. 1982 च्या सप्टेंबरमध्ये ते कॅन्सरने गेले तेव्हा हा दहा वर्षांचा. आई वेट्रेस. तसल्या ओढाताणीत त्या बाईने पोराला गिटार घेऊन दिली, निळी. तीच पुढे 'डूकी' या अल्बमच्या रेकॉर्डिंगला वाजली. (तुझी काळी आहे. हप्ते फिटले.)

आणि शाळा सोडण्याच्या आदल्याच वर्षी, 1989 मध्ये, त्याच्या बँडची चार गाण्यांची रेकॉर्ड निघाली होती. गाणी स्वतःची. बर्कलीतल्या गिलमन स्ट्रीटवर स्वयंसेवकांनी चालवलेला क्लब होता. दारू नाही, मारामारी नाही. तिथे वाजवून वाजवून हात बसला. पुढे गावोगाव फिरले ते फिरत्या वाचनालयाच्या जुन्या गाडीतून, आणि स्टिअरिंगवर ड्रमरचे वडील! हे ऐकून बाबा पहिल्यांदा हसले. म्हणाले, आपली वॅगनआर आहेच.

मोठ्या कंपनीशी करार केल्यावर त्याच क्लबचं दार बंद झालं. तसा नियमच होता. 'डूकी' 1994 चा, अमेरिकेतच कोटी प्रतींच्या वर गेला, पण जिवाभावाची माणसं गद्दार म्हणू लागली. तिथे पुन्हा वाजवायला 2015 उजाडलं. 2003 मध्ये तर नव्या अल्बमच्या टेप्स चोरीला गेल्या. तीच गाणी परत रेकॉर्ड करण्याऐवजी यांनी नवी लिहिली. तो 'अमेरिकन इडियट'. दारू-गोळ्यांपायी 2012 मध्ये त्याला उपचार घ्यावे लागले, तेही वाचलंय मी. एवढंच लिहिते.

तेव्हा या सेमिस्टरची फी भरून टाक. दिवाळीला येशील तेव्हा तुमच्या बँडची चार गाणी घेऊन ये, तुम्ही लिहिलेली. कव्हर नकोत, ती मी यूट्यूबवर ऐकते. कॉलेजचं मग समोरासमोर बसून बोलू. बाबांना मी बसवते.

तुझी,
आई