बोटीतच झोपणाऱ्यांसाठी पण लिहा की

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कालव्यांवरच्या बोट-सहलींचा लेख वाचला, फोटो एक नंबर होते, पण सगळा लेख एसी हाऊसबोट आणि पॅकेज यातच फिरत राहिला. छोटी बोट घेऊन तिच्यावरच तंबू ताणून झोपणारे लोक पण असतात हो, आणि त्यांचं सगळं घोडं एकाच गोष्टीवर अडतं, रात्री बोट बांधायची कुठे. प्रायव्हेट मरिनात, म्हणजे बोटी ठेवायच्या तळावर, गेलं तर जे वापरणारच नाही त्याचेही पैसे भरा, आणि काठावरच्या झाडाला बांधावी म्हटलं तर ती जमीन कुणाची तरी असते.

म्हणून बोट बांधायला सरकारी धक्के हवेत, स्वस्त आणि साधे. कॅनडातल्या रिडो कालव्याचं बघा. 1832 साली सुरू झालेला, ओटावा ते किंग्स्टन 202 किलोमीटर, 2007 पासून युनेस्कोच्या यादीत, आणि बहुतेक लॉकची, म्हणजे बोट खालच्या-वरच्या पातळीवर नेणाऱ्या पाण्याच्या हौदांची, दारं अजून कर्मचारी हातानेच चाक फिरवून उघडतात. तिथे लॉकजवळच रात्री बोट बांधता येते, बाजूला टॉयलेट, आणि पैसे बोटीच्या लांबीवर, फुटाच्या हिशोबाने. मला हे सगळ्यात पटतं. सोळा फुटी बोटवाल्याने चाळीस फुटी क्रूझरवाल्याइतके पैसे का भरायचे? सरसकट एकच रेट लावला की आधी छोटी बोटवाली माणसं जातात आणि उरतात फक्त ज्यांना परवडतं ते. आणि हो, तिथे धक्क्याच्या ज्या भागावर निळी रेघ असते ती जागा लॉकमध्ये जायला थांबलेल्या बोटींची, तिथे मुक्काम करायचा नाही, नवीन माणूस नेमका तिथेच बांधतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. स्वस्त जागेवर मुदत नसली की कोणीतरी बोट बांधून महिनाभर गायब होतो आणि धक्क्याचं पार्किंग होतं. न्यूयॉर्क राज्यात एरी कालव्याच्या धक्क्यांवर साधारण 48 तासांची मर्यादा असते, इंग्लंडच्या कालव्यांवर बऱ्याच ठिकाणी 14 दिवस, आणि गर्दीच्या जागी पाटीवर त्याहून कमी लिहिलेलं असतं. लोक कुरकुरतात, पण ही मुदत आहे म्हणून तर संध्याकाळी उशिरा पोचणाऱ्याला जागा मिळते. माझं म्हणणं उलट आहे, मुदत अजून कडक करा पण फी वाढवू नका.

आता लेखात अजिबात न आलेली गोष्ट, धक्क्याची उंची. जुने कालवे मालाच्या बार्जसाठी बांधलेले, त्यामुळे भिंती उंच, आणि छोट्या बोटीत उभं राहिलं तरी बांधायचा खुंट डोक्याच्या वर येतो, एका हातात दोर, एक हात ओल्या दगडावर, आणि बोट पायाखालून सरकतेय. बाजूने मोठी बोट गेली की लाटेने आपली बोट भिंतीवर घासते, फेंडर, म्हणजे बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या गाद्या, दोन लावलेत तर तिसरा हवा होता असं वाटतं. तरंगता धक्का असला की हे सगळं सुटतं, तो पाण्याबरोबर वरखाली होतो, दोर रात्री ढिला-घट्ट करायला उठावं लागत नाही. माझ्या मते वायफाय आणि सुशोभीकरणावर पैसे घालवण्याआधी प्रत्येक धक्क्यावर वीस-पंचवीस फूट तरी असा तरंगता तुकडा टाकावा. पिण्याच्या पाण्याचा नळ, टॉयलेट, कचऱ्याचा डबा, बास. कारंजं नको कोणाला.

पुन्हा हा विषय घेतलात तर दोन ओळी सेफ्टीवर नक्की टाका, कारण फोटो बघून लोक निघतात. बोटीवर चारी बाजूंनी बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, उबेसाठी तर अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी दोन्ही हवेपेक्षा जड, गळती झाली की बोटीच्या तळाशी साचतात, वर बसलेल्याला पत्ता नाही. तंबूची एक बाजू वरून थोडी उघडी ठेवली तर हवा पण खेळते आणि पहाटे आतल्या कापडावरून थेंब टपकून झोपायच्या पिशव्या भिजतात ते पण कमी होतं. आणि रात्री धक्क्यावर उतरायचं असेल, टॉयलेटला का होईना, लाईफ जॅकेट घालूनच उतरा, काळोखात ओल्या धक्क्यावरून पाय घसरायला वेळ लागत नाही आणि उंच भिंतीच्या बाजूला पडलात तर शिडी सापडेपर्यंत अवघड आहे. शिड्या, बरं का, त्या पण मागा, दर थोड्या अंतरावर, पाण्याच्या खालपर्यंत जाणाऱ्या.

आपला,
एक नियमित वाचक