क्रम ठरलेला, वेळ मोकळी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, यातली खरी मी कुठली?" फोन लांबला की तुला नकोसा होतो आणि मलाही असलं काही फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. हवं तेव्हा, हवं तेवढं वाच.

दोन्ही खऱ्या. रविवारी बसून रंगीत पेनांनी आठवड्याचं वेळापत्रक आखणारी तूच आणि बुधवारी त्या कागदाकडे बघवत नाही म्हणणारीही तूच. तुझ्यातल्या स्वमग्नतेला, म्हणजे ऑटिझमला, उद्या काय होणार ते आजच माहीत हवं असतं. एडीएचडीला, म्हणजे लक्ष एका जागी न टिकू देणाऱ्या त्या चुळबुळीला, तेच ते पुन्हा नको असतं. एकीला चौकट लागते, दुसरीला ती काचते. मग वेळापत्रक मोडतं, ते मोडलं म्हणून तुझा जीव घाबरा होतो आणि पुन्हा नवा कागद. लोक याला आळस म्हणतात, धरसोड म्हणतात. या ओढाताणीत दिवसभर तुझी किती शक्ती जाते ते त्यांना दिसत नाही. मला दिसतं.

एडीएचडीचं निदान आधी झालं आणि स्वमग्नतेचं इतक्या वर्षांनी, याचा तुला राग आहे आणि तो रास्त आहे. पण एक गोष्ट माहीत असू दे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची जी निदानपुस्तिका आपल्याकडचेही डॉक्टर वापरतात, तिच्यात स्वमग्नता असेल तर सोबत एडीएचडीचं निदान द्यायचंच नाही असा नियम होता. 2013 मध्ये पाचवी आवृत्ती आली तेव्हा तो गेला. पुस्तकातून गेलेला नियम डोक्यांतून जायला आणखी वेळ लागतो. त्यात तू मुलगी, बोलकी, मार्क चांगले. अशा मुलींकडे बऱ्याचदा कुणाचं लक्षच जात नाही.

आता पुण्यात काय करायचं, ते सांगतो. तुझ्याकडे बघूनच शिकलोय.

दहावीचा अभ्यास तू घरी कधी केला नाहीस, मागांच्या कारखान्यात केलास. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की दचकायचीस, कान झाकायचीस, आणि मागांच्या त्या खटखटाटात पोत्यावर बसून तासन्‌तास गणितं सोडवायचीस. कामगारांना नवल वाटायचं. पण शिट्टी कधी होईल ते सांगता येत नाही आणि मागाचा ठोका ठरलेला असतो, त्याला तू घाबरायचं कारणच नव्हतं. शिवाय मान वर केली की समोर धोटा पळतोय, सुतं हलताहेत, म्हणजे चुळबुळणाऱ्या मनालाही काम. दोघींचं एकाच जागी भागत होतं. अभ्यासाला अगदी शांत खोलीच हवी असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. मागांचा अर्ध्या तासाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय. हेडफोनवर लाव आणि चालत चालत वाच.

वेळापत्रकाचं म्हणशील तर आपल्या नळाचं आठव. सोलापुरात पाणी रोज येत नाही, आणि येतं त्या दिवशीही वेळ सरकते. लहानपणी त्या दिवशी तुझा सगळा दिवस बिनसायचा. मग आईनं स्वयंपाकघरात पाटी लावली. तिच्यावर वाजले किती ते नव्हतंच, नुसता क्रम होता: पाणी आलं की आधी पिण्याचं, मग टाकी, मग आंघोळ, मग नाष्टा. पाणी पहाटे येवो नाहीतर दुपारी, पुढचं काय ते तुला ठाऊक असायचं आणि तू शांत राहायचीस. नाष्ट्याला काय, ते मात्र त्या दिवशी तू निवडायचीस. हॉस्टेलवरही तसंच कर. घड्याळ लिहू नकोस, क्रम लिही, आणि प्रत्येक टप्प्यात एक जागा आयत्या वेळच्या मर्जीला ठेव. जेवण आठवडाभर तेच चालेल, पण जेवायला बसायची जागा बदल.

गर्दीचंही असंच. गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, जायचा हट्ट दर संक्रांतीला तुझाच, आणि होम मैदानावर पोचलं की रडूही तुलाच यायचं. दारूकाम सुरू झालं की कान दाबून धरायचीस, पण ओढून नेलं तरी हलायची नाहीस, डोळे आभाळातच. तुला उजेड हवा होता, आवाज नको होता. कारखान्यातले कानावर लावायचे मफ आणून दिले आणि दुसऱ्या दिवशी कुणाकडे जाणं-येणं ठेवलं नाही, तेव्हापासून गड्डा तुझा झाला. पुण्यातही कार्यक्रमाला जावंसं वाटलं तर जरूर जा. फक्त दुसरा दिवस आधीच रिकामा ठेव.

एडीएचडीची गोळी सुरू झाल्यापासून मन थाऱ्यावर आहे, पण ट्यूबलाइट आणि मेसमधली भांडी जास्त टोचतात म्हणालीस. एकीची गडबड कमी झाली की दुसरीचं म्हणणं मोठ्यानं ऐकू येतं, हा अनुभव बरेच जण सांगतात. डॉक्टरांना हे असंच्या असं सांग. मनानं गोळी बंद करू नकोस.

दिव्यांग दाखल्याचं काम मी बघतोय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, एडीएचडी नाही. त्यामुळे दाखल्यावर तुझी अर्धीच गोष्ट येईल. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त लिहून आलं तर परीक्षेत जादा वेळ मागता येईल. पण कॉलेजशी बोलताना दोन्ही सांग. कागदावर नाही म्हणून गरज नाही असं होत नाही, आणि मागायला संकोच करायचा नाही.

पार्सलमध्ये शेंगाचटणी आहे, कडक भाकऱ्या आहेत आणि तुझी जुनीच चादर. नवी कडक लागते, तुला टोचेल. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुढच्या महिन्यात मी एकटाच येईन. कुठं बसायचं ते तू ठरव. बोलायचं नसलं तर नुसते बसू.

तुझा,
बाबा