यंदा गणपतीला मी नाही

कोल्हापूर,
नागपंचमी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आई "बरं बाई, तुझं तू बघ" म्हणते, आणि मग माझ्याने पुढे बोलवत नाही. दोन मिनिटांत मी सगळ्याला हो म्हणून मोकळी होते. म्हणून लिहितेय. बाबा, आधी तुम्ही एकट्याने वाचा आणि मग आईला मोठ्याने वाचून दाखवा. ती कबूल करत नसली तरी तिला बारीक अक्षर लागत नाही, हे आपल्या दोघांना माहीत आहे. गाळून वाचू नका, ती तुमच्या आवाजावरून ओळखते.

तर, यंदा गणपतीला मी येत नाही. अमोल आणि मनू येतील. दादा-वहिनी नेहमीप्रमाणे डोंबिवलीहून येतीलच. घर भरलेलं असेल, फक्त मी नसेन.

आई, रागावण्याआधी पुढचं ऐक. बीएडचं दुसरं वर्ष लागलंय आणि या वर्षी आंतरवासिता आहे. म्हणजे कॉलेज बाजूला ठेवून सलग १६ आठवडे एका शाळेत जायचं, तास घ्यायचे, परिपाठापासून पेपर तपासण्यापर्यंत सगळं करायचं. कॉलेजातल्या तासांना ८० टक्के हजेरी चालते, या शाळेतल्या दिवसांना ९० टक्के लागते. हा नियम आमच्या प्राचार्यांनी केलेला नाही, त्यामुळे त्यांना भेटून काही उपयोग नाही (बाबा, तुमच्या मनात आलंच असणार). एक वर्षाचं बीएड दोन वर्षांचं झालं तेव्हा, २०१४ साली, शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजांचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईने तो घालून दिला. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सगळे मिळून ९६ होतात. म्हणजे मी फार तर नऊ दिवस घरी राहू शकते. इकडच्या शाळांना कोकणासारखी गणपतीची लांब सुट्टी नसते. देवरुखला यायचं, गौरी जेवेपर्यंत थांबायचं आणि आंबा घाटातून परत यायचं म्हटलं की त्यातले निम्मे दिवस तिथेच संपले.

ते दिवस मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवलेत. तारीख घेतली आहे. दसऱ्यानंतरचा आठवडा.

आता तुम्ही दोघं म्हणाल, विचारलं नाहीस. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते सांगू? गणपती होऊ दे. मग पितृपक्ष, त्यात कोणी डोळ्याला सुरी लावतं का? मग घट. मग दिवाळीचा फराळ. मग लग्नसराई, मग आंबे. माईआत्याचंही असंच झालं, आणि पुढचं आपल्याला माहीत आहे, ते मी उकरत नाही. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे दिवस गेले. उलट तो जितका कडक होतो तितकं काम अवघड. आत्ता केलं तर छोटं छिद्र, आत भिंग, आणि त्याच दिवशी घरी. एकच डोळा आधी, दुसऱ्याचं नंतर बघू. साखर मात्र आटोक्यात हवी, नाहीतर ते तारीख पुढे ढकलतील आणि मग माझे दिवस फुकट जातील. तेव्हा आई, नैवेद्याचा मोदक एक. पातोळ्यासुद्धा त्यातच धरायच्या.

थेंब महिनाभर तरी घालावे लागतात. म्हणजे दिवाळी तुमची इथेच. बाबा, भाताचं कारण सांगू नका. हळवं तोवर कापून झालेलं असेल, गरव्याला वेळ असतो, आणि झोडणीला तुम्ही तसेही नुसते खुर्ची टाकून बसता. गाडी पाठवीन. एसटीने यायचं नाही. तुम्हाला पंच्याहत्तरीनंतर तिकीट लागत नाही आणि आईला अर्धं, हे मला ठाऊक आहे, पण घाटातल्या वळणांवर आईला काय होतं तेही ठाऊक आहे.

इथे तुमची आबाळ होणार नाही. पुढची खोली रिकामी करतेय, तिथे सकाळचं ऊन येतं. संडास त्याच मजल्यावर, कमोडचा. आईसाठी मऊ भात आणि कुळथाचं पिठलं होईल, पीठ मी गेल्या खेपेचं ठेवलंय. दुपारी मी घरी नसेन, पण सासूबाई आहेत. आई, तुला त्यांच्या घरात अवघडायला होतं ते मला कळतं. त्यांनाही तुझ्याशी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून त्या सारखा चहा करतात. तू दोन कप पी आणि तिसऱ्याला तुझ्या मावशीची गोष्ट काढ. दोघींचं जमेल.

मला एकदा तुमच्यापुढे हेही मांडायचंय, की हे सगळं मी हट्टाने करत नाही. बाबा, तुम्ही तोंडाने काही म्हणाला नाहीत, पण कात्रणं पाठवता त्यावरून कळतं. २०२५ च्या सप्टेंबरातलं सर्वोच्च न्यायालयाचं कात्रण पाठवलंत, नोकरीत असलेल्यांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची झाली ते. वर पेनाने रेघ. म्हणजे तुम्हाला म्हणायचंय, एवढी वर्षं शिकवणाऱ्यांचे हे हाल, तर तू या वयात कुठे शिरतेस? मी सगळं बघूनच शिरले. सहावी ते आठवीला टीईटी लागेल, ती मी देईन. नववी-दहावीला ती लागत नाही, भरतीची अभियोग्यता चाचणी मात्र सगळ्यांनाच आहे. लागले तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे ठरावीक मानधनावर, माध्यमिकला महिना १८ हजार. २०२३ च्या आधी आठ हजारच होते, म्हणजे मी त्यातल्या त्यात बऱ्या वेळी निघाले. आणि तुमच्यासारखा पहिलीचा वर्ग मला मिळायचा नाही, बीएडवाल्यांना पाचवीपर्यंतची दारं न्यायालयाने त्याच वर्षी बंद केली. याचं मला खरंच वाईट वाटलं. पण तो निकाल मला पटतो. लहानांना शिकवणं वेगळं असतं, हे मी तुम्हाला बघूनच शिकले.

मग क्लासच का नको, असं दादा विचारतो. क्लासमध्ये पैसे बरे मिळत होते. पण तिथे येणारं पोर आधीच कुठेतरी शिकून आलेलं असतं, मी फक्त त्याचे मार्क वाढवत होते. आणि संध्याकाळी पाच ते नऊ घराबाहेर. मनूला मी झोपलेलीच बघायची. शाळेच्या नोकरीत निदान तिची न् माझी सुट्टी एका दिवशी असेल. पाटल्या मोडल्या नाहीत, आई. तो प्रश्न तू अजून विचारला नाहीस, पण विचारशील. फी क्लासच्या पैशातून भरली.

घरचं म्हणशील तर चाललंय. पहाटे साडेचारला उठते, साडेसहापर्यंत पाठ टाचण काढते, मग डबे. अमोल मनूची वेणी घालायला शिकलाय, एक वर एक खाली होते, पण ती तशीच ऐटीत जाते. सासूबाईंची तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती माझ्या अभ्यासाबद्दल नाही, अमोलच्या चपात्यांबद्दल आहे. रविवारी सगळ्यांची कपाटं आवरायची असं मी ठरवलं होतं, ते काही होत नाही. मनूला ताप आला तेव्हा मी रात्रभर तिच्या उशाशी बसून शैक्षणिक मानसशास्त्राची प्रश्नपत्रिका सोडवत होते. बालकाच्या भावनिक गरजांवर टिपा लिहा! मला हसूच आलं.

बाबा, आता तुमच्यासाठी एक गंमत. पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असतं. सहा मिनिटांचा पाठ, समोर आपल्याच वर्गातल्या बायका विद्यार्थी होऊन बसलेल्या, आणि एका वेळी एकच कौशल्य: कधी प्रस्तावना, कधी प्रश्न विचारणं, कधी फलकलेखन. फलकलेखनाला सगळ्यांच्या ओळी उजवीकडे उतरत होत्या आणि खडू किंचाळत होता. मी खडूचे दोन तुकडे केले, आडवा धरला, आणि लिहिता लिहिता फळ्याबरोबर चालत गेले. मॅडम म्हणाल्या, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, घरी. आपल्या पडवीतल्या भिंतीवर तुम्ही कोळसा आणि पाला घोटून काळा चौकोन केला होता ना, मी आणि दादाने तो वाटून घेतला होता. खालचा अर्धा माझा, कारण माझा हात तिथवरच पुरायचा. तुम्ही शाळेतून आलात की आधी तो वाचायचात आणि मग पाय धुवायचात. आई ओरडायची, आधी पाय. तुम्ही म्हणायचात, थांब, हिने 'क' चं शेपूट काढलंय आज.

परवाचा तास ऐका. आठवी, आम्ल आणि आम्लारी. जास्वंदीचा रस लावून मी कागदाच्या पट्ट्या वाळवल्या होत्या. आम्लात गुलाबी होतात, चुन्याच्या निवळीत हिरव्या. हळदीच्याही केल्या होत्या, त्या निवळीत लाल होतात. पुस्तकातलंच आहे, पण मला वाटलं काहीतरी आपल्याकडचं न्यावं, म्हणून आईने दिलेलं कोकमाचं आगळ नेलं. दोनच चमचे, आई. जास्वंदीची पट्टी बुडवली, लाल झाली. मी म्हटलं, बघा, आम्ल. मागच्या बाकावरचा एक जण उठला, "मॅडम, आगळच लाल हाय की! मग कागद आम्लानं लाल झाला का आगळानं?" सगळा वर्ग हसला. टाचणात 'विद्यार्थीकृती' नावाचा रकाना असतो, त्यात मी लिहिलं होतं, 'विद्यार्थी निरीक्षण करतात'. हा प्रश्न त्यात कुठेच बसत नव्हता. मग त्यालाच पुढे बोलावलं, लिंबू दिलं, नवीन पट्टी दिली. गुलाबी झाली तेव्हा त्याने ती उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितली आणि विचारलं, मग आगळ कशाला आणलंत? निरीक्षकांचा शेरा: साहित्याची निवड काळजीपूर्वक करावी. मला विचाराल तर त्या तासातला सगळ्यात चांगला प्रश्न आगळामुळेच निघाला. तुम्ही काय शेरा दिला असता ते कळवा.

तर आता कामाचं.

आई, पाणचुलीपुढे बसायचं बंद. धुराने डोळे चोळतेस आणि म्हणतेस पाणी येतं. गिझर शोभेला लावलेला नाही. माळ्यावर चढायचं नाही, गणपतीची भांडी दादा काढेल. रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच, 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडायची नसते. बाबा, डब्यावर वार लिहून दिलेत, त्या खणात गोळी उरलेली दिसली की मला फोटो पाठवा. ही चहाडी नाही, हजेरी समजा. शिवाय रक्त तपासून घ्या, उपाशीपोटी आणि जेवून दोन तासांनी, दोन्ही, आणि कागद अमोलकडे द्या.

आमच्याकडे शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणावर निबंध होता. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना महिना एक रुपया दंड. डोळा दाखवायला न येणाऱ्या आयांना किती लावावा, याचा विचार करतेय.

आई, गौरी माझ्याशिवाय बसणार याचं तुला जे वाटेल ते मला कळतंय. मलाही वाटतंय, पण त्याबद्दल जास्त लिहिलं तर पत्र अर्धवट राहील. तुझ्या पेटीतली मोरपिशी साडी यंदा गौरीला नेसव. आणि मला फोटो नको, फुगड्या चालू झाल्या की सरळ फोन लावा आणि खुंटीवर अडकवून ठेवा. मी ऐकेन.

मनू येईल तेव्हा तिला विहिरीवर एकटी सोडू नका. ती सांगेल की मला पोहता येतं, येत नाही. रात्री तिला दूध बिनसाखरेचं लागतं आणि झोपताना पंखा लागतो, लाइट गेली तर वारा घालावा लागेल. दुसरीचं गणिताचं पुस्तक दप्तरात आहे. बाबा, तिला हातच्याची बेरीज अजून कळलेली नाही. मी शिकवायला बसले की आमचं भांडण होतं. तुम्ही पडवीत बसवून घ्या, आणि तिला ते शिकवणं आहे असं कळू देऊ नका.

तुमची,
बेबी